खोली क्रमांक १०० : निकालाविना मिटलेला खटला

१. १२ ऑक्टोबर १९७८. न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन भागातले चेल्सी हॉटेल. सकाळी खोली क्रमांक १०० च्या स्नानगृहात नॅन्सी स्पंजेन या वीस वर्षांच्या तरुणीचा मृतदेह आढळला. पोटात चाकूचा एकच वार होता. त्याच खोलीत राहणारा तिचा प्रियकर, ‘सेक्स पिस्टल्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदातला सिड व्हिशस, याला पोलिसांनी अटक केली. नॅन्सीला कोणी मारले, हे न्यायालयात आजतागायत ठरलेले नाही.

२. सिडचे खरे नाव जॉन सायमन रिची. जन्म लंडनचा, १९५७ चा. बेकारी आणि महागाईने ग्रासलेल्या ब्रिटनमध्ये १९७६ च्या सुमारास ‘पंक’ संगीताची लाट उसळली आणि सेक्स पिस्टल्स तिच्या अग्रभागी होते. फेब्रुवारी १९७७ मध्ये सिड त्यात बेस गिटारवादक म्हणून आला. वाद्यावर त्याची हुकमत बेताचीच होती. वृंदाला हवा होता तो त्याचा बेफाम अवतार. ‘व्हिशस’ म्हणजे हिंस्र. हे टोपणनाव मुळात गायक जॉन लायडनच्या पाळलेल्या हॅमस्टरवरून थट्टेने पडले होते. पुढे वृत्तपत्रांनी ते अक्षरशः खरे मानले.

३. नॅन्सीचा जन्म १९५८ चा, फिलाडेल्फियातील मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबातला. बालपणापासूनच ती तीव्र मानसिक विकाराने त्रस्त होती आणि त्या काळातील उपचारांना तिला सावरता आले नाही. किशोरवयातच घर सोडून ती न्यूयॉर्कला गेली आणि १९७७ मध्ये लंडनला पोहोचली. तोवर हेरॉइनच्या व्यसनाने तिला घेरले होते. तिथे तिची सिडशी गाठ पडली. ब्रिटिश वृत्तपत्रांनी तिला ‘किळसवाणी नॅन्सी’ असे नाव दिले. सिडच्या अधःपतनाचे सारे खापर तिच्यावर फोडण्याची सुरुवात ती जिवंत असतानाच झाली होती.

४. जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर सेक्स पिस्टल्स फुटले. त्याच वर्षी सिड आणि नॅन्सी चेल्सी हॉटेलात राहू लागले. लेखक-कलावंतांचे आश्रयस्थान म्हणून ते प्रसिद्ध होते, आर्थर सी. क्लार्क यांचाही तिथे मुक्काम असे. या दोघांचे दिवस मात्र अमली पदार्थ मिळवण्यात आणि घेण्यात जात होते. सिड नॅन्सीला मारहाण करीत असे, असे त्यांच्या परिचितांनी सांगितले आहे.

५. सिडच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टी स्पष्ट होत्या : खोली त्याची, चाकू त्याचा असल्याचे सांगितले गेले, आणि सुरुवातीला त्याने गुन्हा कबूल केल्याचेही पोलिसांनी नोंदवले. पण त्याचे जबाब बदलत गेले. कधी हातून वार झाला पण मारण्याचा हेतू नव्हता. कधी ती स्वतःच चाकूवर पडली. कधी काहीच आठवत नाही. नशेतल्या आणि भेदरलेल्या माणसाच्या अशा परस्परविरोधी शब्दांतला एकच निवडून त्यावर निष्कर्ष उभारणे धोक्याचे असते.

६. दुसरी बाजूही आहे. त्या रात्री सिडने झोपेच्या गोळ्या मोठ्या प्रमाणात घेतल्या होत्या आणि तो जवळजवळ बेशुद्ध होता, असे सांगितले जाते. खोलीत अमली पदार्थ विकणाऱ्यांची ये-जा होती. खोलीतले पैसे नाहीसे झाल्याचा दावाही मित्रांनी केला. यावरून पुढे पुस्तकांतून आणि माहितीपटांतून इतर संशयितांची नावे पुढे आली. आरोप मात्र एकावरही ठेवला गेला नाही.

७. सिडवर दुसऱ्या श्रेणीच्या खुनाचा आरोप ठेवण्यात आला. त्याने तो नाकारला. ५०,००० डॉलरच्या जामिनावर सुटल्यावर काही दिवसांतच त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. डिसेंबरमध्ये एका नाइटक्लबात बाटलीने हल्ला केल्याबद्दल त्याला पुन्हा अटक झाली आणि सुमारे ५५ दिवस त्याने रायकर्स आयलंडच्या तुरुंगात काढले. १ फेब्रुवारी १९७९ रोजी तो सुटला. २ फेब्रुवारीला हेरॉइनच्या अतिसेवनाने मरण पावला. वय २१.

८. अमेरिकेत आरोपी मरण पावला की त्याच्यावरील फौजदारी खटला संपतो. पोलिसांनीही तपास थांबवला. ना साक्षी झाल्या, ना उलटतपासणी, ना पुराव्यांची छाननी. हे प्रकरण अनुत्तरित आहे ते संशयित सापडला नाही म्हणून नव्हे, तर उत्तर पडताळून पाहण्याची प्रक्रियाच सुरू झाली नाही म्हणून.

९. ती रिकामी जागा दंतकथेने भरून काढली. सिड जिवंत असतानाच, सेक्स पिस्टल्सचे व्यवस्थापक मॅल्कम मॅक्लारेन यांच्या दुकानात नॅन्सीच्या मरणावर विनोद करणारे टी-शर्ट विकले गेले. १९८६ मध्ये ॲलेक्स कॉक्स यांचा चित्रपट आला आणि या दोघांची गणना शोकान्त प्रेमिकांत होऊ लागली. एका कथनात नॅन्सी सिडचा नाश करणारी चेटकीण, दुसऱ्यात त्याच्यासोबत मरणारी नायिका. खून झालेली व्यक्ती म्हणून तिला दोन्हींत स्थान नाही.

१०. ते स्थान तिला देण्याचे काम तिच्या आईने केले. डेबोरा स्पंजेन यांनी १९८३ मध्ये लेकीच्या आयुष्यावर पुस्तक लिहिले. त्यात आजारी मूल आहे, डॉक्टरांचे उंबरठे झिजवणारे आईवडील आहेत, आणि मुलीच्या मृत्यूनंतरही दारात उभे असलेले पत्रकार आहेत. पुढे फिलाडेल्फियात खून झालेल्यांच्या कुटुंबीयांना आधार देणारी संस्था त्यांनी उभारली.

११. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे दोन मोह टाळावेत. सिडला ‘खुनी’ म्हणणे पुराव्यापलीकडचे आहे. तो ‘आरोपी’ होता, एवढेच नोंदींवरून म्हणता येते. पण त्या संशयाचा फायदा देताना त्यांच्या नात्यातील हिंसेला ‘उत्कट प्रेम’ म्हणणे हीदेखील पुराव्याशी प्रतारणाच होय. मारहाणीबद्दल परिचितांनी सांगितले आहे, व्यसन उघड आहे, आणि वीस वर्षांच्या मुलीचा चाकूच्या वाराने झालेला मृत्यू निर्विवाद आहे. ‘कोणी’ या प्रश्नापुढे आपण थांबलो, तरी या गोष्टी सांगायच्या राहून जाऊ नयेत.