पेप्सिन आणि आम्लता
पेप्सिन : जठररसातील प्रथिनभंजक विकर (जैव उत्प्रेरक). थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये शोधलेले हे विकर जठरभित्तीतून पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात स्रवते आणि हायड्रोक्लोरिक आम्लामुळे स्वतःचाच एक तुकडा तोडून क्रियाशील होते. सामू, म्हणजे आम्लतेचे माप, सुमारे २ असताना त्याची क्रिया सर्वाधिक असते. उकडलेल्या अंड्यातील पांढऱ्या भागाचा तुकडा पेप्सिन व आम्लाच्या अशा द्रावणात ३७° से.ला ठेवल्यास त्याच्या कडा हळूहळू पारदर्शक होऊन झिजतात, तर खाण्याचा सोडा घातलेल्या परीक्षानळीत तो जवळजवळ जसाच्या तसा राहतो. सामू ८च्या पुढे गेल्यास पेप्सिनची रचनाच बिघडते व पुन्हा आम्ल घालूनही ती सहसा सावरत नाही. मटणाला चोळल्या जाणाऱ्या कच्च्या पपईतील पपेन हे प्रथिनभंजक विकर मात्र उदासीन सामूलाही कार्य करते.