पाहुणा आणि यजमान

परक्याचें रक्तमांस शरीर सहसा स्वीकारीत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पाहुण्यानेंच यजमानावर शस्त्र उचलावें, असा उलटा प्रकार अस्थिमज्जेच्या रोपणांत घडतो. रक्त मज्जेंत निपजतें, आणि शरीराचें रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचें मूळहि तेथेंच असतें. दात्याच्या मज्जेबरोबर आलेल्या या रक्षकांस नवें घर शत्रूचें राज्य वाटतें, आणि त्वचा, यकृत व आंतडीं यांवर ते तुटून पडतात.

हें प्रथम दिसलें तें उंदरांत. १९५६ सालीं इंग्लंडांत हारवेल येथें बार्न्स, लूटिट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रक्ताच्या कर्करोगानें ग्रासलेल्या उंदरांस तीव्र किरण देऊन दुसऱ्या वाणाच्या उंदरांची मज्जा टोचली. कर्करोग हटला, परंतु उंदीर जुलाबांनीं झिजून मेले. आगींतून निघून ते फुफाट्यांत पडले.

माणसांतील आरंभहि निराशेचाच झाला. १९५७ सालीं अमेरिकेंतील कूपर्सटाउन येथील डॉ. डॉनल टॉमस यांनीं सहा रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकीं एकहि शंभर दिवसांपलीकडे जगला नव्हता. अनेकांनीं हा मार्ग सोडला. टॉमस यांनीं मात्र कुत्र्यांवर प्रयोग करून तो चालू ठेवला. १९५८ सालीं पॅरिस येथें झां दोसे यांनीं पेशींवरील ओळखीच्या खुणांपैकीं पहिली शोधली होती. अशा खुणा जुळणारा दाता निवडतां येऊं लागला. सख्ख्या भावंडांत हा मेळ बसण्याचा संभव चारांत एक असतो.

मेळ बसला तरी युद्ध सर्वस्वीं टळत नसे. तें दाबण्यास मेथोट्रेक्सेट वापरीत. १९७८ सालीं लंडन येथें पाउल्स यांनीं सायक्लोस्पोरिन योजिलें, आणि १९८६ सालीं सिॲटल येथील स्टॉर्ब यांनीं दोन्ही औषधें एकत्र दिल्यास अधिक गुण येतो, हें दाखविलें. पेटलेला वणवा विझविण्यास स्टिरॉइड हेंच पहिलें औषध ठरलें.

मग हे उपद्रवी रक्षक मज्जेंतून समूळ गाळून कां टाकूं नयेत? तोहि प्रयत्न झाला. उपद्रव घटला, पण कर्करोग अधिक वेळां परतूं लागला. याचें बीज १९७९ सालींच सिॲटलमध्यें दिसलें होतें : ज्यांना हा उपद्रव झाला, त्यांच्यांत कर्करोग कमी उलटला होता. पाहुण्याचा जो कोप यजमानास पोळीत होता, तोच कर्करोगासहि जाळीत होता. १९९० सालीं जर्मनींत कोल्ब यांनीं रोग उलटलेल्यांस दात्याच्या पांढऱ्या पेशी मुद्दाम देऊन तो पुन्हां हटविला. त्याच वर्षीं टॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

तेव्हांपासून कोप आवरावा, पण नाहींसा करूं नये, हें वैद्यांचें धोरण झालें. रोपणानंतर तिसऱ्या व चौथ्या दिवशीं सायक्लोफॉस्फामाइड देऊन चवताळलेल्या पेशी तेवढ्या मारण्याची बाल्टिमोरची रीत २००८ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यामुळें अर्धा मेळ असलेले आईबापहि दाते होऊं शकले. स्टिरॉइडला न जुमानणाऱ्या उपद्रवावर २०१९ सालीं अमेरिकेंत रक्सोलिटिनिबला मान्यता मिळाली.

मुंबईच्या टाटा रुग्णालयांत मज्जारोपण १९८३ सालीं सुरू झालें. तेथेंहि वैद्यापुढें तोच प्रश्न उभा असतो : औषधाचा हात जड झाला, तर कर्करोग परततो वा जंतू घर करतात, हलका पडला, तर पाहुणाच घर जाळतो. कर्करोगांतून वांचलेले कित्येक जण कोरडे डोळे व ताठरलेली त्वचा घेऊन वर्षानुवर्षें जगतात. पाहुणा व यजमान यांचा सलोखा व्हावा, पण रक्षकाची धार बोथट होऊं नये, ही तारेवरची कसरत अद्याप संपलेली नाहीं.