मेंढीची दोरी कुणाच्या हातात?

मार्गशीर्ष सरत आला की नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगावच्या वाटेनं जनावरं दिसू लागतात. लोहा तालुक्यातलं हे गाव खंडोबाचं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला पालखी निघते, बेल-भंडारा उधळतो आणि यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल, कुत्री असा सगळा बाजार तिथं असतो. नांदेड जिल्हा परिषदेचं पशुप्रदर्शनही भरतं. या यात्रेवर बोलताना घोड्यांच्या किमती नेहमी सांगितल्या जातात. आज आपण मेंढीबद्दल बोलू, आणि तिची दोरी धरून उभ्या राहणाऱ्या लेकराबद्दल.

यात्रा याच दिवसांत का, तर खरिपाची रास घरात आलेली असते, हातात थोडा पैसा असतो. पुढच्या मेहनतीसाठी बैल पाहिजे असतात. मेंढपाळ दसऱ्यानंतर कळप घेऊन बाहेर पडलेला असतो. मोकळ्या झालेल्या रानात तो रात्री मेंढ्या बसवतो. शेताला लेंडीखत मिळतं आणि त्याच्या बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. म्हणजे शेतकरी आणि मेंढपाळ दोघांनाही सोयीची वेळ.

आणि खंडोबा तर मेंढपाळांचा जवळचा देव. म्हाळसा वाण्याची लेक, पण बाणाई धनगराची. लोककथेत देव तिच्यासाठी गडीमाणूस होऊन वाड्यावर चाकरीला राहतो, मेंढ्या राखतो. जनावरातलं बाणाईला कळतं आणि देव तिच्या हाताखाली काम करतो. आपल्या आया-आज्यांनी ही गोष्ट हजारदा ऐकली असेल, पण तिच्यातला हा मान आपण फारसा बोलून दाखवत नाही.

आता प्रदर्शनाचं बघा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या. जनावरांचा दवाखाना, जातिवंत पैदास, बक्षिसं ही कामं गावाच्या जवळ आली. आपल्या भागाची शान म्हणजे लाल कंधारी आणि देवणी. कंधार नांदेडचं, देवणी लातूरचं. बैलावर नांगर चालायचा, गाईवर दूध, म्हणून त्यांचा मान मोठा. शेळी उस्मानाबादी म्हणून गाजली. मेंढीला मात्र एका गावाचं नाव नाही. तिला दख्खनी म्हणतात, कारण ती सगळ्या दख्खनचा कोरडा माळ चालून जगते.

मीही लहानपणी मेंढी घेऊन प्रदर्शनात उभी राहिले आहे. तालुक्याची एक छोटी जत्रा होती, मी नऊ वर्षांची होते. मेंढी एकटी उभी करणं फार अवघड. कळपातून काढली की ती बिथरते, ओरडते, पाय रोवते. म्हणून आईनं तिच्या जोडीची दुसरी मेंढी शेजारी बांधायला दिली होती. एक हात हनुवटीखाली आणि एक पाठीमागे ठेवला की मेंढी शांत राहते, हेही आईचंच शिकवणं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी वय विचारलं. मी ओठ वर करून दात दाखवले आणि म्हणाले, "चार दाती आहे." मेंढीला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात. खाली आठ असतात. साधारण सव्वा-दीड वर्षाची झाली की दुधाचे मधले दोन पडून मोठे येतात, पुढं वर्षागणिक एकेक जोडी वाढते. आठही आले की चार वर्षांची समजायची. शाळेत मी नीट पाढे म्हणत नव्हते, पण हा हिशेब मला पाठ होता.

दुसरा नंबर आला. फेटा आजोबांना बांधला आणि कागदावर नावही त्यांचंच होतं. तेव्हा त्यात कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. पण त्या मेंढीची आई बाळंतपणात मेली होती. तिला दुसऱ्या मेंढीखाली लावून, वेळप्रसंगी बोटानं दूध चाटवून जगवलं ते माझ्या आईनं. वाघरीच्या जाळीत रात्री कोकरं मोजायची तीही आईच. पुरुष कळपामागं रानात जातो, वाड्यावरची कोकरं बाई आणि लेकरं सांभाळतात. प्रदर्शनातली चांगली मेंढी तिथं घडते.

तेव्हा तपासणारे लोकरीत बोटं घालून बघत. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, वर्षाला अर्धा-पाऊण किलोच निघते. बायांनी ती कातायची, सणगरांनी विणायची, चिंचोक्याची खळ लावायची, मग घोंगडी व्हायची. काळ्या घोंगडीला रंग लागत नाही, म्हणून काळी मेंढी मुद्दाम राखायची. आता घोंगडीची जागा स्वस्त ब्लँकेटनं घेतली, कातरलेल्या लोकरीला गिऱ्हाईक मिळेना. मेंढीचं मोल मटणाच्या वजनावर आलं. त्याबरोबर बाईच्या चात्याचं काम आणि त्याची मिळकतही गेली.

२०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात मेंढ्या सुमारे २७ लाख भरल्या. कळपामागं फिरणाऱ्या घरातल्या मुलीची शाळा मात्र दिवाळीनंतर सुटते ती सुटतेच. तिला दात बघून वय सांगता येतं, खुरातली लागण ओळखता येते. हे ज्ञान आहे असं तिला कुणी सांगत नाही. आणि हे ज्ञान आहे म्हणून तिनं शाळा सोडावी असंही नाही. दोन्ही तिच्या हक्काचं आहे.

म्हणून मैत्रिणींनो, यंदा घरातलं जनावर प्रदर्शनात न्यायचं असेल तर नाव नोंदवताना तुम्हीच रांगेत उभ्या राहा. पालनकर्ता कोण असं विचारलं की जनावर जिनं वाढवलं तिचं नाव सांगा. आणि दोरी लेकीच्या हातात असेल तर डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर तिलाच देऊ द्या. तिला ते येतं.

सदानंदाचा येळकोट!