अश्वशक्ती आणि आस : मोटारीच्या मागील डिफरन्शियलच्या बळकटीकरणाचा इतिहास

प्रस्तावना :

मोटारीचा इतिहास बहुधा इंजिनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या वर्षी किती अश्वशक्ती वाढली याचे तपशील सहज सापडतात. परंतु ती शक्ती रस्त्यापर्यंत नेणाऱ्या मागील आसाकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक इंजिनाची शक्ती वाढविणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती पेलू शकणारा आस तयार करणे महत्त्वाचे होते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील मोटारींच्या आधारे या बळकटीकरणाचा आढावा घेतला आहे. बळकटी म्हणजे केवळ आकारवाढ नव्हे, तर भार नेमका कोठे पडतो हे ओळखून तो वाटून देणे होय. आणि एक भाग बळकट केला की दुर्बलता नाहीशी न होता पुढच्या भागाकडे सरकते, अशी या लेखाची मांडणी आहे.

पूर्वपीठिका :

मोटार वळते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना शक्ती मिळावी, तरीही त्यांचा वेग भिन्न राहू शकावा, यासाठी डिफरन्शियलची योजना असते. फ्रेंच तंत्रज्ञ ओनेसिफोर पेकर याने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वाफेच्या गाडीसाठी अशा रचनेचे एकस्व घेतले. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जेम्स स्टार्ली याने ती तीनचाकी सायकलला लावली. या टप्प्यावर प्रश्न वळण्याचा होता, बळाचा नव्हता.

१९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मोटारीत सरळ दात्यांची शंक्वाकार दंतचक्रे होती. इंजिन अवघे २० अश्वशक्तीचे असल्याने ती पुरेशी ठरली. तरीही या आसातील मऊ बॅबिट धातूच्या चकत्या झिजून किंवा फुटून दात्यांची जुळणी बिघडे. दाता बळकट असूनही त्याला धरून ठेवणारा भाग ढिला पडला तर दाता टिकत नाही, हा धडा येथेच मिळाला.

हायपॉइड दंतचक्रांचे आगमन :

डिफरन्शियलमधील क्राउन व्हील आणि पिनियन ही जोडी सर्वाधिक भार सोसते. पॅकार्ड कंपनीने १९१३ मध्ये सर्पिल दात्यांची दंतचक्रे वापरली. त्यांत एका वेळी अधिक दाते परस्परांत गुंतत असल्याने भार विभागला जाई व आवाजही कमी होई. त्यानंतर १९२६ मध्ये याच कंपनीने हायपॉइड दंतचक्रे आणली. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथील ग्लीसन वर्क्समध्ये अर्नेस्ट विल्डहाबर याने विकसित केलेल्या या रचनेत पिनियनचा अक्ष क्राउन व्हीलच्या मध्यापासून खाली घेतला जातो. त्यामुळे पिनियन अधिक जाड करता येतो आणि मोटारीचा तळही खाली घेता येतो.

मात्र या लाभाची किंमत होती. हायपॉइड दाते परस्परांवर घसरतात. त्या दाबाखाली साध्या वंगणाचा थर टिकत नाही. गंधक, फॉस्फरस यांसारखी रसायने मिसळलेली वंगणे तयार झाली तेव्हाच ही रचना सर्वत्र रूढ होऊ शकली. यंत्रशास्त्राची प्रगती रसायनशास्त्रावर अवलंबून होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

भार कोठून येतो? :

आसाला तोडणारी गोष्ट अश्वशक्ती नसून टॉर्क, म्हणजेच पिळाचा जोर, ही होय. मॉडेल टीच्या इंजिनाचा टॉर्क सुमारे ११२ न्यूटन-मीटर होता. सर्वांत खालच्या गिअरमधील २.७५ आणि आसातील ३.६४ या गुणोत्तरांनी गुणल्यास, घर्षणाचा व्यय न धरता, आसावर सुमारे १,१२० न्यूटन-मीटर येतात. १९६८ च्या ४२८ कोब्रा जेट इंजिनाच्या फोर्ड मस्टँगचा टॉर्क सुमारे ५९७ न्यूटन-मीटर होता. पहिल्या गिअरचे २.३२ आणि आसाचे ३.५० हे गुणोत्तर धरल्यास तोच आकडा सुमारे ४,८५० होतो. नोंदविलेली अश्वशक्ती २० वरून ३३५ वर, म्हणजे सोळा पटींहून अधिक वाढली. आसावरील पीळ मात्र चार पटींहून थोडा अधिक वाढला.

तथापि हा पीळ आसावर प्रत्यक्षात किती येईल, हे टायरची पकड ठरविते. टायर जागच्या जागी फिरला की आस वाचतो. साध्या डिफरन्शियलमध्ये तर कमी पकड असलेले चाक फिरू लागताच दुसऱ्या चाकालाही तेवढाच टॉर्क मिळतो. म्हणजे ही उणीवच आसाचे संरक्षण करीत होती. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारींत एकच चाक वायफळ फिरण्याची अडचण दूर करण्यासाठी फर्डिनंड पोर्शे याने झेडएफ कंपनीकडून मर्यादित-सरक डिफरन्शियल करवून घेतले. पॅकार्डने १९५६ मध्ये तशी सोय अमेरिकी ग्राहकांना दिली. त्यात रुंद व चिकट टायरांची भर पडली आणि पूर्वी टायरपाशी संपणारा जोर थेट दात्यांवर आणि शाफ्टवर येऊ लागला.

फोर्डचा नऊ इंची आस :

१९५७ मध्ये फोर्डने आणलेला नऊ इंची क्राउन व्हीलचा आस या प्रश्नाचे लक्षणीय उत्तर ठरला. जोर लागताच पिनियन आणि क्राउन व्हील परस्परांना दूर ढकलतात. संपर्क दात्याच्या कडेवर सरकतो आणि दाता तुटतो. बहुतेक आसांत पिनियनला एकाच बाजूने दोन बेअरिंगांचा आधार असे. फोर्डने पिनियनच्या टोकापलीकडे तिसरे बेअरिंग बसविले. अक्षांतील अंतर सुमारे ५७ मिलिमीटर असल्याने पिनियनचा अधिक भाग क्राउन व्हीलमध्ये गुंतत असे. संपूर्ण संच पुढून बाहेर काढता येत असल्याने दुरुस्तीही सुलभ होती.

दाते टिकू लागताच हाउसिंगमधील ओतीव लोखंड अपुरे ठरले. कीथ मिलिस याने १९४३ मध्ये शोधलेले तन्य ओतीव लोखंड येथे उपयोगी पडले. मॅग्नेशियममुळे त्यातील ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोलकांच्या रूपात राहते, म्हणून तडा सहज पसरत नाही. जोरदार इंजिनांसाठीच्या अशा संचांवर ‘एन’ हे अक्षर ओतलेले असे. त्यानंतर पाळी शाफ्टची आली : २८ स्प्लाइनऐवजी ३१ स्प्लाइनचे जाड शाफ्ट आले. भरीव शाफ्टची पीळ सोसण्याची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने व्यास दहा टक्क्यांनी वाढविला तरी क्षमता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते.

या बळकटीची किंमत अधिक घर्षणाच्या रूपाने द्यावी लागली. फोर्डने १९८६ मध्ये हा आस आपल्या वाहनांतून थांबविला. तथापि शर्यतींसाठी इतर उत्पादक तो आजही बनवितात. नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत हाच घाट अनेक दशके टिकला. २०२२ मध्ये गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकत्र असणारी रचना स्वीकारली गेली, तेव्हा तो तेथून मागे पडला.

समारोप :

चकती, दाता, वंगण, बेअरिंग, हाउसिंग, शाफ्ट अशा क्रमाने या इतिहासाची वाटचाल झाली. प्रत्येक टप्प्यावर मागील उत्तरानेच पुढचा प्रश्न निर्माण केला. त्यामुळे एखादा शोधक वा एखादे साल निवडून तंत्रज्ञानाचा इतिहास सांगणे अपुरे ठरते. धातुशास्त्र, रसायनशास्त्र, दंतचक्रे कापणारी यंत्रे आणि आस तुटल्यावर तो उघडून पाहणारा कारागीर, या सर्वांचा त्यात वाटा आहे. इंजिनाची अश्वशक्ती जाहिरातीत झळकते. आसाचे यश मात्र तो न तुटण्यात असल्यामुळे त्याची नोंद होत नाही. अशा न तुटलेल्या गोष्टींचा इतिहास लिहिणे हे तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांपुढील महत्त्वाचे कार्य आहे.