पहिल्या चार्जिंगची किंमत

१/ लिथियम-आयन बॅटरीचा इतिहास सहसा क्षमतेच्या चढत्या आकड्यांतून सांगितला जातो. त्याला एक तुटीची बाजूही आहे. प्रत्येक बॅटरी पहिल्याच चार्जिंगमध्ये आपल्या लिथियमचा काही भाग कायमचा गमावते. या तुटीनेच सिलिकॉनला अनेक दशके दाराबाहेर तिष्ठत ठेवले.

२/ १९७९ मध्ये इमॅन्युएल पेलेड यांनी तिचे मूळ विशद केले. लिथियमचा इलेक्ट्रोलाइटशी संपर्क येताच त्याच्या पृष्ठभागावर पातळ थर जमतो. तो आयनांना वाट देतो, इलेक्ट्रॉनांना अडवतो. १९९० मध्ये फाँग, फॉन साकेन आणि डाह्न यांनी दाखवले की, कार्बनवरही पहिल्या आवर्तनात असाच थर जमतो आणि त्यापायी लिथियम खर्ची पडते.

३/ हा थर म्हणजे तटबंदी. कार्बनच्या बाबतीत ती बहुतांशी एकदाच बांधावी लागते. म्हणूनच १९९१ मध्ये सोनीची बॅटरी बाजारात येऊ शकली.

४/ ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास, सिलिकॉनची सुमारे ३,६००. परंतु लिथियम सामावून घेताना सिलिकॉन फुगून जवळपास चौपट होते. तट तडकतो, उघड्या पृष्ठभागावर नवा थर जमतो, आणि लिथियम पुन्हा खर्ची पडते.

५/ १९९७ मध्ये फुजीच्या संशोधकांनी कथिलाच्या ऑक्साइडचे आशादायक अ‍ॅनोड मांडले. तेथेही ऑक्सिजनने पहिल्याच फेरीत लिथियम बांधून ठेवले. सिलिकॉन ऑक्साइडलाही हाच दोष जडला आहे.

६/ २००८ मध्ये स्टॅनफर्डच्या यी चुई यांच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोतारा घडवल्या. त्या फुगूनही तुटल्या नाहीत. तरीही पहिल्या फेरीत ४,२७७ मिलिअँपिअर-तास आत गेले आणि ३,१२४ परतले, म्हणजे ७३ टक्के. भंगण्याचा प्रश्न सुटला, तरी तुटीचा शिल्लक राहिला.

७/ बॅटरीतील सारे लिथियम कॅथोडमधून येते. त्यामुळे ही तूट म्हणजे महागड्या कॅथोडचा अपव्यय. त्यावर दोन मार्ग निघाले. फ्लुओरोएथिलीन कार्बोनेटसारख्या द्रव्याने थर चिवट करणे, हा एक. अ‍ॅनोडला आधीच जादा लिथियम देणे, म्हणजे प्रीलिथिएशन, हा दुसरा. पण असे लिथियम दमट हवेत टिकत नाही. त्याला कोरडी दालने लागतात, आणि खर्च वाढतो.

८/ म्हणूनच आजही अनेक बॅटऱ्यांत सिलिकॉन ग्रॅफाइटमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलेले असते. किती साठते, हे पदार्थाचा गुण ठरवतो. किती परत मिळते, हे पहिल्या चार्जिंगचा हिशेब ठरवतो.