हातचा

माझी आई अंगणवाडी सेविका आहे. लहानपणी आमच्या घरात रिकाम्या बरण्यांमध्ये चिंचोके, कवड्या, शिंपले असायचे. खराट्याचे हीर एकसारखे तोडून, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले असायचे. शहरातल्या मावसभावाकडे रंगीत मण्यांची लाकडी पाटी होती. आमच्या बरण्या म्हणजे घरात पैसे नसल्याची खूण, असं मी इंजिनिअर होईपर्यंत समजत होतो.

मागच्या वर्षी कंपनीत लहान मुलांसाठी गणिताचं ॲप करत होतो. मूल एकेका चौकोनाला बोट लावणार, दहा झाले की ते आपोआप सरकून दशकाची पट्टी होणार. त्या ॲनिमेशनवर मी दोन दिवस घालवले होते. आईने दोनदा खेळून पाहिलं आणि विचारलं, "दहा बांधले कोणी?"

"ॲपने."

"मग पोराने काय केलं?"

त्या प्रश्नामुळे मी त्या बरण्यांचा इतिहास वाचायला बसलो.

मारिया मॉन्टेसरींनी 1907 मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत बालगृह सुरू केलं. गरिबांच्या मुलांसाठी निघालेली ही पद्धत भारतात आली, तेव्हा तिची साधनं महाग होती आणि ती शहरी, सुखवस्तू घरांपुरती राहण्याचा धोका होता. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला (आता पालघर) आल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. समुद्रकाठचं गाव. शिंपले, बिया, खडे, पानं फुकट मिळत. त्यांच्यावरच मुलं मोजायला शिकली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. 1957 पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये सुरू राहिलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरली. 1975 मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली. तिच्या केंद्रांचं नावही अंगणवाडीच. आईची नोकरी तिथली.

इथवर वाचून वाटलं, की हे सगळं नाइलाजाने केलेलं काम होतं. मग आईचे गठ्ठे घेऊन 42 वजा 17 करून पाहिलं.

चार गठ्ठे, दोन सुट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत. एका गठ्ठ्याची सुतळी सोडली. आता सुट्या बारा. सात काढल्या, पाच उरल्या. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक काढला. पंचवीस. शाळेत आम्ही आकड्यावर काट मारून शेजारी बारीक एक लिहायचो. तो एक कुठून आला, हे कधी विचारलं नव्हतं. इथे तो माझ्या मुठीत होता. 'हातचा' हा शब्द मला तेव्हा कळला. मॉन्टेसरींची दहा मण्यांची सळई तारेत ओवलेली असते. ती मोडता येत नाही, तिच्या बदल्यात दहा सुटे मणी घ्यावे लागतात. हिरांचा गठ्ठा सोडता येतो.

मराठी मुलाला याची गरज जरा जास्तच आहे. आपण 42 लिहितो आणि 'बेचाळीस' म्हणतो, म्हणजे दोन आधी, चाळीस नंतर. एकोणतीसमध्ये तर नऊ ऐकूच येत नाही. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'साठ दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा वाद झाला! मंगला नारळीकर सांगत होत्या, की हा उलटा क्रम आणि जोडाक्षरं मुलांना जड जातात. आपण त्यावर मीम्स फॉरवर्ड केले. मीही केले. नाव काहीही ठेवा, पण सहा गठ्ठे आणि दोन काड्या समोर असल्या तर मूल चुकत नाही, एवढं आई तीस वर्षं पाहत आली आहे.

मी तो कोड काढून टाकला. आता दहा चौकोन तसेच पडून राहतात. मुलाने बोटाने त्यांच्याभोवती गोल काढला, तरच पट्टी होते. नऊभोवती काढला तर होत नाही. मुलं या स्क्रीनवर जास्त वेळ अडकतात, असा टीमचा आक्षेप आहे. मी म्हटलं, अडकू देत.

आई अजून खूश नाही. पट्टी झाल्यावर ती सोडता येत नाही, म्हणते.

पुढच्या आठवड्यात तेवढं करायचं आहे.