पाणी, पंखा आणि आईची झोप

मध्यंतरी हौसेने संगणकाला पाण्याचं कूलिंग बसवलं. "आता आवाज बंद!" असं आईला छातीठोकपणे सांगितलं. कसलं काय! साधं वेबपान उघडलं तरी पंखा घूंऽऽ करून उठायचा, लगेच बसायचा. पलीकडच्या खोलीत आई टक्क जागी. तिची झोप मुळातच सावध.

त्या वैतागात अ‍ॅपलची जुनी हकीकत आठवली. २००२ च्या पॉवर मॅक जी-४ चा आवाज एवढा, की लोकांनी त्याला 'विंड टनेल' नाव ठेवलं. २००३ च्या जी-५ मध्ये तब्बल ९ पंखे आले. पण आतले ४ विभाग पाडून प्रत्येकाचे पंखे त्या-त्या विभागाच्या तापमानाप्रमाणे फिरवले. पंखे वाढले, आवाज घटला! २००४ मध्ये अडीच गिगाहर्ट्‌झच्या जी-५ साठी आत द्रवही खेळवला. पुढे काही यंत्रांत तो गळला, आतले भाग खराब झाले. २००६ चा मॅक प्रो पुन्हा हवेवर. असो.

माझी ट्यूब विभागांवरून पेटली. पंख्याने ऐकायचं कोणाचं? माझा पंखा प्रोसेसरचं ऐकत होता, आणि तो क्षणात तापतो, क्षणात निवतो. पाणी मात्र सावकाश तापतं. मग पंखा पाण्याच्या तापमानाला जोडला, वेग निम्म्यावर आणला. वेग निम्मा झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो.

काल सकाळी आईने विचारलं, "बिघडला का रे तुझा कॉम्प्युटर?"